गरज आणि शिफारस

सावरगावच्या या व्यासपीठावरून मराठीच्या एका वृद्ध अध्यापकाने संगणकाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल; परंतु प्रश्न मुळात शब्दार्थाचाच आहे. माझ्या जुन्या संगणकावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. एक लहानसे पॅकेज मागितले, तर त्यासोबत न मागितलेली कितीतरी आली आणि डिस्क भरून गेली.

सोबतच्या पॅकेजांचे तेथे मुख्यतः तीन दर्जे आहेत. 'डिपेंड्स' म्हणजे ज्यांवाचून चालतच नाही ती; 'रेकमेंड्स' म्हणजे बहुतेकांना लागणारी; 'सजेस्ट्स' म्हणजे असल्यास उपयोगी. २००९ च्या 'लेनी' आवृत्तीपासून दुसऱ्या दर्जाचीही आपोआप येऊ लागली. शिफारशीला गरजेचे स्थान मिळाले! त्यात बहुतेकांची सोय आहे, हे मान्य; पण त्या बहुतेकांत आपण आहोत काय, हे आपणच ठरवावयाचे असते.

प्रणाली यादी दाखवून संमती विचारते. तेथे नुसती एंटर कळ दाबली तरी तो होकारच ठरतो. शिफारशी वगळण्याची सोयही आहे. वगळलेले पुढे लागलेच, तर नाव घेऊन मागवता येते.

कागद वाचल्याशिवाय सही करू नये, असे आमचे गुरुजी याच शाळेत सांगत. तो धडा मी सत्तरीनंतर पुन्हा गिरवला.