रॅचेटची दिशा ठरवतं कोण?

पॉडकास्टमध्ये हातवारे दिसत नाहीत, आणि रॅचेट ही हातवाऱ्यांशिवाय समजावायला अवघड गोष्ट आहे. म्हणून हा लेख.

रॅचेट पाना तुम्ही पाहिला असेलच. साध्या पान्याने नट थोडा फिरवला की पाना काढायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा फिरवायचा. रॅचेटमध्ये पाना नटावरच राहतो. मूठ पुढे नेली की नट फिरतो, मागे आणली की नुसतं ‘कट-कट-कट’ होतं आणि नट जागचा हलत नाही. डोक्यावरचा छोटा खटका अंगठ्याने सरकवला की हेच सगळं उलट होतं. मघाशी जो पाना नट आवळत होता, तोच आता सैल करतो.

एकाच दिशेने फिरणारं चाक ही जुनी युक्ती आहे. पण एवढासा खटका दिशा कशी काय बदलतो? याचं उत्तर कळलं की कोणता रॅचेट विकत घ्यावा, तो कधी दगा देतो आणि सायकलच्या पेडलचे आटे लोक का घालवून बसतात, हे सगळं एकदम उलगडतं.

आधी न उलटणारा रॅचेट

ईलिंग बरोमध्येच, ग्रीनफर्डला, ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलींचा कारखाना आहे. अँड्र्यू रिची यांनी १९७५ मध्ये या सायकलचं काम सुरू केलं आणि २०१६ मध्ये कंपनी ब्रेंटफर्डहून ग्रीनफर्डला आली. ईलिंग ब्रॉडवे स्टेशनबाहेर कुणी पाय न मारता सायकल सोडून दिली की मागच्या चाकातून जो टिकटिक आवाज येतो, तो रॅचेटचाच. पुण्यात असो की ग्रीनफर्डमध्ये, सायकलच्या फ्रीव्हीलचं तत्त्व एकच आहे.

नेहमीच्या फ्रीव्हीलमध्ये दातेरी कडं असतं आणि त्या दातांत अडकणाऱ्या, स्प्रिंगने उचललेल्या छोट्या जिभा असतात. या जिभेला इंग्रजीत पॉल म्हणतात. आपण जीभच म्हणू. हे दात करवतीसारखे असतात, म्हणजे एक बाजू जवळजवळ उभी आणि दुसरी उताराची. पेडल मारलं की जीभ उभ्या बाजूला टेकते आणि चाक ओढलं जातं. पेडल थांबवलं की जीभ उतारावरून घसरत एकेक दात ओलांडते. ती प्रत्येक दातावरून खाली पडते, तोच आवाज.

इथे दिशा कोरलेली आहे ती दातांमध्ये. त्या दातांना पाहूनच सांगता येतं की हे चाक कुठल्या बाजूला अडणार. सायकलला हेच हवं असतं. चालत्या सायकलवर चुकून दिशा उलटली तर काय होईल, याची कल्पना करा!

पान्याला मात्र दोन्ही दिशा लागतात, कारण जो नट आवळला तो कधीतरी काढावाच लागतो.

पहिला उपाय: पानाच पालथा करा

सुट्या गोट्या (म्हणजे सॉकेट) लावता येणाऱ्या रॅचेट पान्याचं पेटंट अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉकच्या जे. जे. रिचर्डसन यांनी १८६३ मध्ये घेतलं, आणि १८६४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्याचं चित्र छापून आलं. तेव्हापासून दिशा उलटवण्याचे बरेच मार्ग निघाले. त्यातला सगळ्यात सोपा म्हणजे पाना उचलून पालथा घालणं. समोरून घड्याळाच्या काट्यांसारखं फिरणारं चाक मागून पाहिलं की काट्यांच्या उलट फिरताना दिसतं. एवढंच.

बिनखटक्याचे रॅचेट रिंग पाने आजही असेच वापरतात. यात खटका नाही, त्यामुळे बिघडायला एक भाग कमी. पण मूठ थोडी वाकवलेली असेल तर पालथा केल्यावर ती नटाशेजारच्या पृष्ठभागावर आपटते. शिवाय सिंकच्या मागे, जिथे मुळात हात शिरत नाही, तिथे पाना बाहेर काढून उलटा करून परत घालायचा म्हणजे वैताग. म्हणून खटका हवा.

दुसरा उपाय: दात तटस्थ करा

आता खरी गंमत. करवतीसारखे दात ठेवले तर दिशा दातांतच अडकून बसते. म्हणून उलटणाऱ्या रॅचेटमध्ये बहुतेक वेळा दात दोन्ही बाजूंनी सारखे, छोट्या डोंगरांसारखे केलेले असतात. असं चाक पाहून दिशा सांगता येत नाही. दिशा आता चाकात नाही, ती जिभेच्या जागेत आहे.

दार उघडं राहावं म्हणून आपण खाली लाकडी पाचर सरकवतो. दार पाचरीच्या बाजूला ढकललं की ती आणखी रुतते. उलट बाजूला ओढलं की दार मोकळं. पाचर दाराच्या पलीकडच्या बाजूने लावली की अडण्याची दिशा उलटते. दार तेच, पाचर तीच, फक्त बाजू बदलली.

बऱ्याच आधुनिक रॅचेटच्या डोक्यात असंच घडतं. चंद्रकोरीच्या आकाराची जीभ एका खोबणीत बसलेली असते, आणि तिच्या आतल्या बाजूला चाकात बसणारे काही दात असतात. खटका एका बाजूला असला की जीभ खोबणीच्या एका कोपऱ्यात असते. चाक तिला त्या अरुंद कोपऱ्याकडे ढकलू लागलं की ती चाक आणि भिंत यांच्यामध्ये पाचरीसारखी रुतते. जितका जोर जास्त, तितकी पकड घट्ट. चाक उलट फिरलं की जीभ रुंद भागाकडे ढकलली जाते, स्प्रिंग दबते आणि दात कट-कट करत निघून जातात. खटका सरकवला की जीभ समोरच्या कोपऱ्यात जाते.

दुसऱ्या एका रचनेत दोन स्वतंत्र जिभा असतात, प्रत्येक दिशेसाठी एक, आणि खटका त्यातली एक उचलून धरतो. रॅचेट स्क्रूड्रायव्हरमध्ये खटक्याला सहसा तीन जागा असतात: आवळणं, सैल करणं आणि मध्ये ‘लॉक’. लॉकमध्ये दोन्ही दिशा अडतात आणि तो साधा स्क्रूड्रायव्हर होतो. फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्स कंपनीचे ‘यँकी’ स्क्रूड्रायव्हर याबद्दल प्रसिद्ध होते. त्यात मूठ नुसती खाली दाबली की नागमोडी खाचांच्या दांड्यामुळे टोक आपोआप फिरायचं, आणि कुठल्या दिशेने ते एक बटण ठरवायचं. १९४६ मध्ये ती कंपनी स्टॅनलीने विकत घेतली.

दात किती असावेत?

दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ७२ दात, ९० दात, १२० पोझिशन. याचा अर्थ सरळ भागाकारातून निघतो. ३६० अंशांना दातांच्या संख्येने भागा. २४ दात असतील तर पुढचा दात पकडायला मूठ १५ अंश हलवावी लागते. २०० मिमी लांब मुठीच्या टोकाशी हे अंतर सुमारे ५२ मिमी होतं. ७२ दातांना ५ अंश, म्हणजे साधारण १७ मिमी. ३ अंशांना १० मिमीच्या आसपास. जिथे बोटभर जागा असते तिथे हा फरक म्हणजे काम होणं आणि न होणं यातला फरक असतो.

मग सगळेच हजार दात का करत नाहीत? कारण चाक तेवढंच राहतं. २० मिमी व्यासाच्या चाकाचा परीघ ६३ मिमीच्या आसपास असतो. त्यावर २४ दात बसवले तर एकेक दात अडीच मिमीहून थोडा मोठा. ७२ बसवले तर एक मिमीपेक्षाही लहान. आणि त्या दातांवर भार किती येतो? मूठ २०० मिमी, चाकाची त्रिज्या १० मिमी, म्हणजे वीसपट. तुम्ही मुठीच्या टोकाला ४० किलोचा जोर लावलात तर दातांवर सुमारे ८०० किलोचा येतो. म्हणूनच बारीक दातांच्या रॅचेटमध्ये जीभ एकाच वेळी अनेक दात पकडेल अशी करतात. दुसरी युक्ती म्हणजे ६० दात आणि दोन जिभा, एक दुसरीपेक्षा अर्धा दात पुढे. त्या आळीपाळीने पकडतात, म्हणून १२० पोझिशन मिळतात. खोक्यावर ‘दात’ लिहिलंय की ‘पोझिशन’, ते म्हणूनच नीट वाचा.

तो दगा कधी देतो?

खटका अर्धवट राहिला तर. जीभ पूर्ण कोपऱ्यात गेली नाही तर ती रुतत नाही, नुसती दातांच्या टोकांवर टेकते. हलक्या हाताला सगळं ठीक वाटतं. पूर्ण जोर लावला की ती सटकते आणि तुमची बोटं समोरच्या लोखंडावर. म्हणून जोर लावण्याआधी गोटी बोटांनी दोन्हीकडे फिरवून बघा: एका बाजूला कटकट, दुसऱ्या बाजूला पक्की अडलेली. आतमध्ये माती किंवा वाळलेलं ग्रीस साचलं तरी हेच होतं.

गंजलेला नट पहिल्यांदा हलवायला रॅचेट वापरू नका, आणि मुठीला पाइप घालून लांबी तर मुळीच वाढवू नका. तो पहिला झटका बिनरॅचेटच्या लांब दांड्याने द्या. नट हलला की मग रॅचेट. उलट टोकालाही एक अडचण आहे. नट अगदी सैल असेल तर मूठ मागे नेताना तो मुठीसोबतच मागे फिरतो, कारण जीभ दातांवरून सरकायला जेवढा विरोध लागतो तेवढाही त्याच्यात नसतो. तिथे बोटंच बरी.

आणि पेडलचं काय?

‘उजवीकडे आवळ, डावीकडे सैल’ हे आपण पाठ करतो. नेहमीच्या सायकलचं डावं पेडल मात्र उलट्या आट्यांचं असतं, म्हणजे बाहेरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतं. पेडल मारताना आसावरच्या भाराची दिशा सतत फिरत असते, त्यामुळे सरळ आटे हळूहळू सुटत जातील. म्हणून ही व्यवस्था.

आता त्यात रॅचेट आणा. बऱ्याच पेडलांच्या आसाला आतल्या बाजूने षटकोनी भोक असतं, म्हणजे रॅचेटला षटकोनी बिट लावून मागून फिरवता येतं. पण मागून पाहिलं की दिशा उलटते. त्यामुळे आतून काम करताना डावं पेडल साध्या बोल्टसारखं वागतं आणि उजवं उलटं! खटक्यावरचा बाण नेहमी ‘पान्याच्या पाठीवरून नटाकडे पाहताना’ या हिशेबाचा असतो. आटे कुठल्या बाजूचे आहेत, हे त्याला माहीत नसतं. ते तुम्हालाच ठरवावं लागतं. सैल करतोय असं समजून कुणी जोर वाढवत राहिलं तर अॅल्युमिनियमच्या क्रँकचे आटे जातात, आणि मग पेडलसोबत क्रँकही बदलावा लागतो. सोपी खूण: मूठ वर उभी धरा आणि सायकलच्या मागच्या चाकाच्या दिशेने ढकला. दोन्ही पेडलं तशीच सुटतात.

तो आवाज काय सांगतो?

रिचर्ड फाइनमन यांनी १९६०च्या दशकातल्या आपल्या गाजलेल्या व्याख्यानांत एक अख्खं व्याख्यान रॅचेट आणि पॉलवर दिलं. त्यातला एक मुद्दा असा: जीभ दातावरून पडल्यावर तिची ऊर्जा उष्णता होऊन कुठेतरी संपायलाच हवी. नाहीतर ती उसळतच राहील आणि चाक मागेही फिरू शकेल. म्हणजे एकाच दिशेने जाण्याची किंमत आपण प्रत्येक दाताला थोडी थोडी चुकवतो, आणि ‘कट’ हा तिचाच आवाज.

मात्र टॉर्क पान्याचा ‘कट’ वेगळा. तो आवळताना येतो आणि म्हणतो, ‘पुरे’. साध्या रॅचेटचा मूठ मागे नेताना येतो, आणि नट किती आवळला गेलाय याबद्दल काहीच सांगत नाही. हे दोन आवाज एक समजले की नट एकतर सैल राहतो, नाहीतर तुटतो.

घ्यायचा झालाच तर

गोटीत शिरणारा रॅचेटचा चौकोनी खुंट जगभर इंचाच्या मापाचा असतो: पाव, तीन अष्टमांश किंवा अर्धा. गोट्या मिलिमीटरच्या असल्या तरीही. त्यामुळे नाशिकला सातपूरमध्ये कारखाना असलेल्या टपारियाची (ही कंपनी १९६९ पासून हत्यारं बनवते) बाबांच्या पेटीतली अर्ध्या इंचाची गोटी ईलिंगमध्ये घेतलेल्या अर्ध्या इंचाच्या मुठीवर आरामात बसेल. सुटीहून येताना सामानात टाकायला हरकत नाही, फक्त चेक-इनच्या बॅगेत.

सायकल, भाड्याच्या घरातलं फर्निचर आणि सिंकखालची कामं यांसाठी तीन अष्टमांश इंचाची, ७२ दातांच्या आसपासची एक मूठ पुरते. घेताना दात मोजत बसण्याआधी खटका हाताळा. तो दोन्हीकडे ठामपणे बसतो का, मधेच रेंगाळत तर नाही? अंधाऱ्या कोपऱ्यात, न बघता, साबणाच्या हातांनी तुम्हाला तोच सरकवायचा आहे. पाना कुठल्या बाजूला धरणार, हे तिथूनच ठरतं.