घाटातला पहिला फलक

मुरबाडच्या एसटी स्टँडवर उतरा आणि मान वर करा. शुभेच्छांचा एखादा फ्लेक्स दिसेलच. सगळ्यात वर देव, खाली ओळीने चेहरे, प्रत्येक चेहऱ्याला नाव. ही मांडणी किती जुनी असेल?

वैशाखऱ्याला जा आणि नाणेघाट चढा. माथ्याजवळ कातळात एक लेणं आहे. आत शिरा, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा फलकच समोर येतो! सुरुवातीला इंद्र, चंद्र-सूर्य, यम, वरुण, कुबेर अशा देवांना नमन. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या मंडळींच्या आठ मूर्ती रांगेने होत्या आणि डोक्यावर त्यांची नावं: सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी...

आता जागा बघा. कल्याण बंदराकडून जुन्नरला जाणारा व्यापारी माल याच वाटेने चढायचा. खडी चढण संपवून, धापा टाकत माणूस टेकणार कुठे? याच सावलीत. दमलेला माणूस बसला की त्याची नजर भिंतीवर जाणारच! फलकासाठी याहून मोक्याची जागा कुठली?

भिंतीवर विकायला काहीच नव्हतं. होता तो घराण्याचा लौकिक. केलेले यज्ञ, दिलेली दक्षिणा, आणि तीही आकड्यांत: १७०० गायी, २४,४०० कार्षापण नाणी. गंमत म्हणजे तेव्हा शून्याचं चिन्हच वापरात नव्हतं. मग २४,४०० लिहायचे कसे? वीस हजारांची खूण, तिच्याशेजारी चार हजारांची, मग चारशेची. वाचणाऱ्याने बेरीज करायची!

आणि भाषा? वर्णन वैदिक यज्ञांचं, पण लेख संस्कृतात नाही. तो आहे प्राकृतात, लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत. सांगायचं तर समोरच्याला कळेल असं सांगा, ही जाण तेव्हाही होती.

पुढे साधनं बदलत गेली. गावात दवंडी पिटली गेली. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत विक्रेत्यांच्या आरोळ्या घुमल्या. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती वाजू लागल्या, १९७६ मध्ये त्या दूरदर्शनवर दिसू लागल्या. रंगाऱ्यांनी भिंती रंगवल्या, मग फ्लेक्स आले. आज शहापूरवरून कसारा घाटाकडे निघा: जिथे गाडी चहाला थांबते, तिथेच फलकांची दाटी. पांथस्थाच्या विसाव्याची जागा हेरणं तेच!

नाणेघाटातल्या त्या मूर्ती आता नाहीत. उरलेत पावलांचे अवशेष. पण वर कोरलेली नावं बहुतेक अजून वाचता येतात. चेहरे गेले, अक्षरं राहिली. आणि चढून आलेला माणूस आजही टेकतो आणि भिंतीकडे बघतो.