विश्लेषण : तिजोरीतला हिरा रोजच्या वापरात कसा आला? घेताना काय तपासावे?

हिऱ्याचा दागिना लग्नात मिरवायचा आणि एरवी लॉकरमध्ये ठेवायचा, ही रीत बदलते आहे. एका खड्याची चमकी, नाजूक कुडी, बारीक अंगठी, मंगळसूत्राचे छोटे पेंडंट असे हलके दागिने आता कार्यालयात आणि लोकलमध्येही घातले जातात. मात्र हार्बर मार्गावरील गोवंडीसारख्या उपनगरात दागिना ही हौस असते तशीच अडीअडचणीची पुंजीही असते. त्यामुळे या बदलाचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

सोन्याच्या भावाचा संबंध काय?

२४ कॅरेट सोन्याने एप्रिल २०२५ मध्ये १० ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा प्रथमच गाठला. त्यामुळे कमी सोन्यात उठून दिसणाऱ्या दागिन्यांकडे ग्राहक वळले. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के शुद्ध सोने असते, १८ कॅरेटमध्ये ७५, तर १४ कॅरेटमध्ये ५८.५ टक्के. शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १० हजार रुपये धरला, तर दोन ग्रॅमच्या २२ कॅरेट अंगठीत सुमारे १८,३०० रुपयांचे सोने असते आणि १४ कॅरेटच्या अंगठीत ११,७०० रुपयांचे. शिवाय २२ कॅरेट सोने मऊ असल्याने रोजच्या वापरात खड्याची पकड सैल होऊ शकते. १४ आणि १८ कॅरेट सोने त्यापेक्षा कडक असते. जुलै २०२५ पासून ९ कॅरेटलाही हॉलमार्क मिळू लागला आहे.

हिरा स्वस्त का झाला?

याचे मोठे कारण प्रयोगशाळेत तयार होणारा, म्हणजेच लॅबग्रोन हिरा. प्रचंड दाब आणि उष्णता देऊन किंवा कार्बनयुक्त वायूतून थरावर थर चढवून तो वाढवला जातो. रासायनिकदृष्ट्या तो खाणीतल्या हिऱ्यासारखाच असतो आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांच्या ‘बीजा’वरील आयात शुल्क हटवण्यात आले. उत्पादन वाढत गेले, तसे जगभर भाव कोसळले. ‘डी बिअर्स’ने २०१८ मध्ये ‘लाइटबॉक्स’ हा लॅबग्रोन ब्रँड आणला, पण मे २०२५ मध्ये तो बंद करण्याचे जाहीर केले.

मुंबईच्या उपनगरांचा वाटा काय?

गोवंडीहून फार दूर नसलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात २०१० पासून भारत डायमंड बोर्स सुरू आहे. सुरतमध्ये पैलू पाडलेल्या हिऱ्यांचा मोठा व्यापार येथून होतो. अंधेरीच्या सीप्झमध्ये निर्यातीसाठी हिरेजडित दागिने घडवले जातात.

मग बचतीचे काय?

२००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात गोवंडीचा समावेश असलेला एम-पूर्व विभाग शहरात तळाला होता. अशा वस्तीत शाळेची फी किंवा दवाखान्याचा खर्च आला की घरातले सोने गहाण ठेवले जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सोनेतारण कर्जात फक्त सोन्याचे मूल्य धरले जाते, खड्याचे नाही. सोने जितके कमी शुद्ध, तितके त्याचे मूल्यही कमी. म्हणजे हिऱ्यासाठी मोजलेले पैसे अडचणीच्या वेळी कर्ज मिळवून देत नाहीत. विकतानाही घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाही. लॅबग्रोन हिऱ्याला तर फेरविक्रीत फारच कमी किंमत मिळते. त्यामुळे हिऱ्याचा दागिना हौसेच्या खर्चात धरावा आणि पुंजी म्हणून सोने वेगळे ठेवावे.

खरेदी करताना काय पाहावे?

हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो, हिऱ्याची नाही. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही आणि रोजच्या वापराचे अनेक दागिने याच वजनात बसतात. अशा वेळी कॅरेट बिलावर लिहून घ्यावे. हॉलमार्क असल्यास त्यावरील सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासता येतो. बिलात सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्याचे वजन, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे असावेत. हिऱ्याच्या बाबतीत कॅरेट हे वजनाचे माप आहे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम किंवा १०० सेंट. हिरा नैसर्गिक की लॅबग्रोन, हेही बिलावर लिहून घ्यावे. लॅबग्रोन हिरा दुकानातल्या साध्या टेस्टरवरही ‘हिरा’ म्हणूनच दिसतो. म्हणून मोठ्या खड्यासाठी जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. ‘अमेरिकन डायमंड’ हा मुळात हिरा नसून झिरकोनियाचा खडा असतो. दुकानदार दागिना परत घेणार असेल, तर किती टक्क्यांनी, हे लेखी हवे.

रोज घालताना काळजी कोणती?

हिऱ्यावर सहजी ओरखडा उठत नाही, पण जोराचा आघात झाल्यास त्याचा कपचा उडू शकतो. तेल आणि क्रीमचा थर बसून चमक मंदावते. अशा वेळी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा असतो. खड्याची पकड मात्र वर्षातून एकदा सोनाराकडून तपासून घ्यावी. गर्दीत खडा निखळून पडला, तर तो पुन्हा सापडणे अवघड.