थाप पडते आणि वार बसतो

कोकणात तोंडवलीहून तळाशीलकडे जमिनीची एक चिंचोळी पट्टी गेली आहे. एका अंगाला गड नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र. पावसाळा सरून कार्तिक लागला की या सगळ्या किनाऱ्यावर जत्रा सुरू होतात आणि दशावतारी नाटककंपन्यांचे पेटारे गावोगाव फिरू लागतात. मध्यरात्र उलटून गेल्यावर देवळासमोर दोन राजे तलवारी उपसतात आणि आईच्या मांडीवर पेंगुळलेली पोरं ताडकन उठून बसतात. दशावतारात मला सगळ्यात जास्त अचंबा वाटतो तो या युद्धाचा.

कारण ते बसवलेलं नसतं. दशावताराला लिखित संहिता नाही. आख्यान ठरतं, रंगपटात तोंड रंगवता रंगवता कोणी कधी यायचं ते बोलून होतं, आणि बाकीचं सगळं रंगमंचावर उभं राहतं, संवाद आणि लढाईसुद्धा. सिनेमात अशा प्रसंगासाठी फाइट मास्टर असतो, दहा टेक असतात. इथे डोक्यावर मुकुट, अंगात जरीचा मखमली पोशाख, समोर एक बाकडं (तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर) आणि तीन बाजूंना माणसं. तेवढ्या जागेत दोघं गरागरा गिरक्या घेतात, एकमेकांवर तुटून पडतात, आणि प्रत्येक वार बसल्यासारखा दिसतो.

जवळून पाहिलं की कसब कळतं. खरा लढवय्या आपला वार लपवतो. खांदा हलला, नजर वळली की प्रतिस्पर्धी सावध होतो, म्हणून आखाड्यातली बरीच मेहनत हालचालीची चाहूल न देण्यासाठी असते. नटाला नेमकं याच्या उलट करावं लागतं. तलवार डोक्यावर जाते तेव्हा ती शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला दिसली पाहिजे आणि समोरच्या नटालाही उमगली पाहिजे. आधी नजरानजर, मग उगारणं, मग वार. आणि तो वार खरा ठरवतो मार खाणारा: तो किती मागे कोलमडला, मान कुठे गेली, पाय कसा लटपटला, यावर. म्हणजे हरणाऱ्या नटाचं अंग जिंकणाऱ्याइतकंच तयार लागतं.

या दोघांत तिसरा असतो पखवाजवाला. लढाई सगळी तालावर चालते. पावलं तालावर, गिरकी तालावर, आणि तलवार खाली येते त्याच क्षणी थाप पडते. ही थाप काय करते, ते एका प्रयोगामुळे फार सुंदर उलगडतं. 1997 साली ‘नेचर’ या नियतकालिकात रॉबर्ट सेक्युलर, ॲलिसन सेक्युलर आणि रेने लाउ यांनी तो प्रसिद्ध केला. पडद्यावर दोन सारख्या चकत्या समोरासमोरून येतात, एकमेकींवर येतात आणि पुढे निघून जातात. आवाज नसेल तर बहुतेक वेळा त्या एकमेकींतून आरपार गेल्यासारख्या दिसतात. पण त्या भेटतात त्याच क्षणी ‘टक्’ असा आवाज केला, तर त्या आपटून मागे फिरल्याचा भास कितीतरी जास्त वेळा होतो. चित्र तेच, पण कानाने डोळ्याला वेगळंच दाखवलं! आपल्या पखवाजवाल्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दोन पाती वीतभर अंतरावरून निघून जातात, थाप पडते, आणि शेकडो डोळ्यांना टक्कर दिसते.

युद्धाचं हे वेड मराठी रंगभूमीला पहिल्यापासून आहे. 1843 साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यानंतरच्या पौराणिक खेळांत राक्षस तलवारी फिरवत, आरोळ्या ठोकत येत. त्या आरोळ्यांवरून लोक या खेळांना ‘अललडुर्र’ नाटकं म्हणू लागले आणि पखवाजाच्या बोलावरून ‘तागडथोम’. बाहेरही पाहा. केरळात कथकलीच्या नटाचं शरीर कळरी या युद्धकलेच्या व्यायामाने घडतं, ओडिशात मयूरभंजचा छाऊ ढाल-तलवारीच्या सरावातून उभा राहतो, आणि जॅकी चॅनने लहानपणची वर्षं हाँगकाँगमध्ये चिनी ऑपेराच्या शाळेत काढली. तिथे गाणं, अभिनय, कोलांट्या आणि शस्त्रं एकत्रच शिकवत.

दशावताराला अशी शाळा नाही. पोरगा कंपनीत येतो, किरकोळ कामं करतो, पडद्याआडून रात्रीमागून रात्री बघतो आणि एके दिवशी तलवार हातात मिळते. नेरूरचे सुधीर कलिंगण याच परंपरेतले. राजपार्टात त्यांनी एवढं नाव कमावलं की लोक त्यांना ‘लोकराजा’ म्हणत. 2022 साली ते गेले. जत्रांच्या हंगामात असे नट आज या गावात, उद्या त्या गावात रात्ररात्र उभे राहतात, आणि अनेकांच्या पोटाचा व्यवसाय हाच असतो. युद्ध होईतो घसा बोलून बोलून सुकलेला असतो. तरी श्वास तुटू न देता गिरकी घ्यायची आणि लगेच पुढचं वाक्य खणखणीत टाकायचं.

पुढच्या जत्रेत युद्ध रंगात आलं की तलवारींवरची नजर क्षणभर काढून पखवाजवाल्याकडे बघा. त्याचे डोळे हातांवर नसतात, नटांच्या पावलांवर असतात.