थांबला तो संपला?

मी पडलो मराठीचा प्राध्यापक! ‘थांबला तो संपला’ ही म्हण वर्गात शिकवता शिकवता पैशाच्या व्यवहारातही तीच खरी मानली आणि फसलो.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० वर होता. शेजाऱ्यांचे ऐकून घरासाठी साठवलेले एक लाख रुपये मी एकदम निर्देशांकाच्या म्युच्युअल फंडात घातले. ऑक्टोबरात सेन्सेक्स ८,००० च्याही खाली घसरला. माझी झोप उडाली. सारे विकून जेमतेम चाळीस हजार पदरात पाडून घेतले.

सौभाग्यवतीचे मात्र त्याच फंडात दरमहा हजार रुपये जातच होते. म्हणाली, “अहो, साड्यांचे भाव उतरले की आपण घ्यायला धावतो, मग इथेच का पळायचे?” ५ नोव्हेंबर २०१० च्या लक्ष्मीपूजनाला, मुहूर्ताच्या सौद्यांत, सेन्सेक्स पुन्हा २१,००० वर पोचला. पडत्या भावातली तिची खरेदी फळली. माझे साठ हजार गेले ते गेलेच.

बाजार दर वेळी दोन वर्षांतच सावरेल असे नाही. म्हणून आता आमच्या घरचा नियम असा : सहा महिन्यांचा खर्च बँकेत, पाच वर्षांत लागणारा पैसा बाजाराबाहेर आणि उरलेला दरमहा थोडाथोडा फंडात. मग वाचकहो, खुशाल थांबावे!