मेंदूची चाळण करणारा प्रायॉन आजार भोर-वेल्ह्यात येऊन गेला, तरी तो कळणार कसा?

समजा, वेल्हे तालुक्यातल्या एखाद्या वाडीतले आजोबा आहेत. वय पासष्टच्या आसपास. ज्येष्ठात भाताची रोपं स्वतः टाकली, आषाढात चिखलणीलाही उभे होते. लावणी संपता संपता त्यांचा चालताना तोल जायला लागला. घरच्यांना वाटलं, दमले असतील. श्रावणात नातवाचं नाव आठवेना. गौरी-गणपतीत अंगाला झटके यायला लागले, नुसतं भांडं पडलं तरी दचकायचे. दसऱ्याला अंथरुणाला खिळले, बोलणं बंद झालं. दिवाळीनंतर गेले.

गावात कुणी म्हणतं, वारं गेलं अंगावरून. कुणी म्हणतं, म्हातारचळ. कुणी देवऋषाकडे बोट दाखवतं. कागदावर 'वृद्धापकाळ' लिहिलं जातं आणि विषय संपतो.

हे आजोबा काल्पनिक आहेत, पण आजाराचा हा क्रम काल्पनिक नाही. वैद्यकाच्या पुस्तकात क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजाराचं, म्हणजे सीजेडीचं, वर्णन जवळजवळ असंच असतं. सोशल मीडियावर 'मॅड काऊ' किंवा 'झोम्बी हरीण' म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्याच प्रायॉन कुटुंबातला हा माणसांमधला आजार.

आता तुम्ही म्हणाल, ब्रिटन-अमेरिकेतल्या आजाराचा भोरशी काय संबंध?

साधा हिशेब करून बघू. जिथे नोंदी नीट ठेवल्या जातात, त्या देशांत सीजेडीचे दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक ते दोन रुग्ण सापडतात. शाकाहारी असो की मांसाहारी, शहर असो की खेडं, फारसा फरक पडत नाही. २०११ च्या जनगणनेत भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या साधारण २ लाख ४० हजार होती. म्हणजे सरासरीने दोन ते चार वर्षांत एक रुग्ण. भारताची लोकसंख्या त्या देशांपेक्षा तरुण आहे आणि हा आजार बहुतेक साठीच्या पुढेमागे होतो, त्यामुळे आकडा थोडा कमी धरायला हवा. पण या डोंगरी भागातली तरुण पोरं पुण्या-मुंबईला आणि गावात म्हातारी माणसं, हेही खरंच. हा नोंदीचा नाही, सरासरीचा हिशेब आहे. तरी त्यावरून एक गोष्ट कळते: एका पिढीत या दोन तालुक्यांतून अशी काही माणसं गेली असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यांच्या घरच्यांना आजाराचं नाव कधीच कळलं नसेल.

देशपातळीवरही तेच दिसतं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत सीजेडीच्या नोंदी ठेवल्या जातात. १९७१ ते १९९० या काळातल्या भारतातल्या रुग्णांचा आढावा तिथल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये छापला. वीस वर्षांतली रुग्णसंख्या दोन अंकीच होती. तेव्हा देशाची लोकसंख्या ८० कोटींच्या पुढे गेलेली. बाकीचे रुग्ण नव्हतेच, असं मानणं कठीण आहे.

विरजण लागतं, पण जिवाणूच नाही

प्रायॉन हा जिवाणू नाही, विषाणूही नाही. ते एक प्रथिन आहे, आणि तेही आपलंच. प्रत्येकाच्या मेंदूत ते असतं आणि एका ठरावीक पद्धतीने त्याची घडी पडलेली असते. कधीतरी एखाद्या रेणूची घडी चुकते. हा चुकलेला रेणू शेजारच्या चांगल्या रेणूला चिकटला की त्याचीही घडी आपल्यासारखी करतो. मग तो पुढच्याची करतो. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध बदलावं, तसं. फरक इतकाच की विरजणात जिवाणू असतात, इथे जिवंत असं काहीच नाही. म्हणून प्रतिजैविकं चालत नाहीत, उकळूनही हे मरत नाही, कारण मरायला ते जिवंत नसतंच. मेंदूच्या पेशी मरत जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू स्पंजसारखा सच्छिद्र दिसतो.

अमेरिकेचे स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये 'प्रायॉन' हा शब्द मांडला, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

सीजेडीच्या साधारण ८५ टक्के रुग्णांमध्ये पहिली घडी का चुकली याचं कारणच सापडत नाही. दहा-पंधरा टक्क्यांमध्ये दोष आनुवंशिक असतो. बाहेरून लागण झालेले एक टक्क्याहूनही कमी. पण बातम्या झाल्या त्या याच एक टक्क्याच्या.

गाईला गाय खाऊ घातली

१९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गाई लडखडायला लागल्या. कारण त्यांच्या खाद्यात निघालं. दूध वाढावं म्हणून तिथे गुरांना मेलेल्या जनावरांच्या मांसाची आणि हाडांची भुकटी घातली जात होती. एका आजारी गाईचा मेंदू असा हजारो गाईंच्या पोटात गेला. १ लाख ८० हजारांहून जास्त गाईंमध्ये आजार सिद्ध झाला आणि लाखो गुरं मारावी लागली. माणसांना धोका नाही, असं सरकार वर्षानुवर्षं सांगत राहिलं. १९९० मध्ये तर कृषिमंत्र्यांनी आपल्या लहान मुलीला कॅमेऱ्यासमोर बर्गर खायला दिला. मार्च १९९६ मध्ये त्याच सरकारला संसदेत कबूल करावं लागलं की माणसांमध्ये आजार आला आहे. ब्रिटनमध्ये १७८ माणसं गेली, त्यातली बरीच विशी-तिशीतली.

त्याआधी पापुआ न्यू गिनीच्या फोरे लोकांमध्ये 'कुरू' नावाने हेच घडलं होतं. मेलेल्या आप्तांचा देह प्रेमापोटी खाण्याची तिथे रीत होती. मेंदू मुख्यतः बायका आणि मुलांच्या वाट्याला यायचा, म्हणून मेल्याही त्याच. काही गावांत लग्नाला बायका उरल्या नव्हत्या. रीत थांबल्यावर आजार ओसरला, पण काही जणांना तो पन्नासेक वर्षांनी झाला.

भोर-वेल्ह्यातल्या गोठ्यात पेंढा, गवत, भुसा आणि सरकीची पेंड असते. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला मॅड काऊबाबत 'नगण्य धोका' असा दर्जा दिला. तेव्हा दूध पिताना घाबरायचं कारण नाही.

घरात असा रुग्ण असेल तर

सगळ्यात आधी एक गोष्ट. हा आजार शिवल्याने, खोकल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. आजोबांना भरवणं, अंघोळ घालणं, गेल्यावर शेवटची अंघोळ घालणं आणि अग्नी देणं, यात घरच्यांना धोका नाही. धोका असतो तो मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या आतल्या भागाशी थेट संबंध आला तर. म्हणून अशा माणसाचं नेत्रदान करत नाहीत आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेला वापरलेली हत्यारं वेगळी काढतात. याआधी मृतांच्या ग्रंथींपासून काढलेल्या वाढीच्या संप्रेरकातून आणि मेंदूच्या आवरणाच्या ठिगळातून जगभरात शेकडो जणांना लागण झाली आहे. अनेकांना ती लहानपणी उंची वाढावी म्हणून घेतलेल्या इंजेक्शनमधून झाली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काही आठवड्यांत माणूस भराभर घसरत असेल, तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नये. विसराळूपणा वयाबरोबर वर्षानुवर्षं वाढतो, महिन्या-दीड महिन्यात नाही. सीजेडीवर आज इलाज नाही, बहुतेक रुग्ण चार-सहा महिन्यांत जातात. पण हुबेहूब तसेच दिसणारे काही आजार बरे होतात. डोक्याला मार लागून कवटीच्या आत साचलेलं रक्त, बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, क्षयाचा मेंदूज्वर, शरीराच्या प्रतिकारशक्तीने मेंदूवरच केलेला हल्ला. यातलं काही वेळेत सापडलं तर माणूस उठून घरी चालत येऊ शकतो. ओळख पटते ती मेंदूचा एमआरआय, ईईजी आणि पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीने. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ लागतो, म्हणजे पुणं गाठावं लागतं. सरकारी रुग्णालयांत ससून आहे. पण चालता न येणाऱ्या माणसाला डोंगरातून तिथपर्यंत नेणं, एकाने कामावर खाडा करून सोबत राहणं, आणि 'या वयात कशाला?' या भावकीच्या प्रश्नाला उत्तर देणं, हे कागदावर दिसतं तितकं सोपं नाही.

औषधाच्या दिशेने पावलं पडत आहेत. अमेरिकेत सोनिया वल्लभ यांची आई २०१० मध्ये आनुवंशिक प्रायॉन आजाराने गेली. तोच दोष आपल्यात असल्याचं कळल्यावर सोनिया यांनी वकिली सोडली आणि त्या व त्यांचे पती एरिक मिनिकेल दोघंही संशोधनात उतरले. मूळ प्रथिनच कमी बनवायचं, म्हणजे घडी चुकायला माल उरणार नाही, अशी त्यांची कल्पना. या पद्धतीच्या एका औषधाची माणसांवरची चाचणी २०२४ च्या सुरुवातीला सुरू झाली. मात्र असं औषध लवकर, मेंदूची फार हानी होण्याआधी द्यावं लागेल, असं मानलं जातं. आणि लवकर द्यायचं तर ओळख लावणीच्या दिवसांतच, पहिला तोल गेला तेव्हाच पटायला हवी.