आकड्यांतलं राजकारण (भाग ६) : देवळालीचे मतदार गेले कुठे?

१७ ऑगस्ट २०२५ रोजी ‘एक्स’वर एक पोस्ट आली आणि देवळालीचे १ लाख ६८ हजार मतदार एका फटक्यात गायब झाले. पोस्ट कुणा सोम्यागोम्याची नव्हती. ‘सीएसडीएस’च्या लोकनीती उपक्रमाचे संजय कुमार, म्हणजे या देशात निवडणुकोत्तर सर्वेक्षणं वर्षानुवर्षं करणाऱ्या मंडळींपैकी एक, यांनी ती टाकली होती. २०२४च्या लोकसभेला देवळालीत ४,५६,०७२ मतदार होते आणि त्याच वर्षीच्या विधानसभेला उरले २,८८,१४१. म्हणजे जवळपास ३७ टक्के घट. शेजारच्या नाशिक पश्चिममध्ये मात्र ३,२८,०५३ वरून ४,८३,४५९, म्हणजे ४७ टक्के वाढ. विदर्भातल्या रामटेक आणि हिंगण्याचीही अशीच जोडी दिली होती: एकीकडे घट, दुसरीकडे वाढ.

महाराष्ट्राच्या मतदारयाद्यांवरून तेव्हा आधीच रान पेटलेलं होतं. पोस्ट पसरायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी संजय कुमारांनी ती काढून टाकली आणि जाहीर माफी मागितली. दोन निवडणुकांचे आकडे ताडून पाहताना तक्त्यातली ओळ चुकीची वाचली गेली, असं कारण त्यांनी दिलं.

ही ओळ कशी घसरली, ते आकड्यांतच दिसतं. निवडणूक आयोगाच्या क्रमवारीत नाशिक मध्यचा क्रमांक १२४, नाशिक पश्चिमचा १२५ आणि देवळालीचा १२६. देवळालीच्या नावावर लागलेले ४,५६,०७२ हे प्रत्यक्षात नाशिक पश्चिमचे लोकसभेचे मतदार, आणि पश्चिमच्या नावावर आला तो मध्यचा आकडा. लोकसभेचा रकाना एक घर खाली सरकला, एवढंच. तो वर सरकवून पाहा: नाशिक पश्चिम ४,५६,०७२ वरून ४,८३,४५९, म्हणजे सहा टक्के वाढ. सिडको-सातपूरच्या वस्तीकडे पाहता यात डोळे विस्फारण्यासारखं काही नाही.

आता यातला शिकण्यासारखा भाग. आपण हिशेब तपासतो तो बहुधा बेरीज करून. पण रकाना एका घराने सरकला तर बेरीज जवळजवळ तशीच राहते, कारण आकडे तेच असतात, फक्त मालक बदललेले. त्यामुळे बेरजेच्या चाळणीतून ही चूक आरामात निसटते. दोन तक्ते जोडताना ओळीला ओळ लावायची नाही, १२६ला १२६ शोधून लावायचा, हा या कामातला पहिला धडा. आणि दुसरी खूण कुणालाही दिसली असती: मतदारसंघांच्या सीमा २००८च्या पुनर्रचनेपासून हललेल्या नाहीत. अशा दोन शेजाऱ्यांपैकी एकाचे सहा महिन्यांत १ लाख ६८ हजार कमी होतात आणि दुसऱ्याचे १ लाख ५५ हजार वाढतात, तेव्हा षड्‌यंत्राच्या आधी एक्सेलवर संशय घ्यावा.

पुढे नागपूरला आणि आपल्या नाशकात सरकारवाडा पोलीस ठाण्यात या प्रकरणी गुन्हे दाखल झाले. २५ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच्या कारवाईला स्थगिती दिली. तक्त्यातली चूक दुरुस्त करण्याची जागा पोलीस ठाणं नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. चुकलेल्या संशोधकाला ‘चुकलो’ म्हणण्याची सोय राहिली नाही, तर पुढचे चुकलेले गप्प बसतील.

अभ्यासकाच्या नजरेने या घटनेत आणखी एक गोष्ट आहे. मूळ पोस्ट आज जागेवर नाही. उद्या कुणी ‘ऑगस्ट २०२५मध्ये मतदारयाद्यांवर एक्सवर काय चर्चा झाली’ हे मोजायला बसलं आणि तेव्हा माहिती गोळा केली, तर त्याच्या हाती वादाचं मूळच लागणार नाही. उत्तरं, टोमणे आणि स्क्रीनशॉट मात्र लागतील. समाजमाध्यमांवरची माहिती कधी गोळा केली यावर निष्कर्ष बदलतो, तो असा.

गेल्या भागात सर्वेक्षणाचा नमुना कसा निवडतात ते पाहिलं. समाजमाध्यमांत नमुना निवडायचाच नसतो, आहे ते सगळं उचलायचं, असा एक भ्रम २०१०च्या सुमारास जोरात होता. जर्मनीच्या २००९च्या निवडणुकीतले लाखभर ट्वीट मोजून काही संशोधकांनी दाखवलं, की पक्षाच्या उल्लेखांचं प्रमाण त्याच्या मतांच्या प्रमाणाशी बऱ्यापैकी जुळतं. मग दुसऱ्या अभ्यासकांनी विचारलं, की यात पायरेट पार्टी का नाही धरली? इंटरनेटच्या स्वातंत्र्यासाठी निघालेला हा छोटा पक्ष धरला, तर ट्विटरच्या हिशेबाने तोच सर्वांत मोठा ठरत होता. प्रत्यक्षात त्याला मतं पडली दोन टक्के.

लासलगावच्या लिलावात ट्रॉलीच्या वरच्या थराचा कांदा पाहून कोणी शहाणा व्यापारी बोली लावत नाही, हात आत घालतो. आपल्या जिल्ह्यात हा आतला थर फार मोठा आहे. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती उठवली ४ मे २०२४ला, नाशिक-दिंडोरीच्या मतदानाच्या जेमतेम पंधरवडा आधी, तीही ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून. निफाड-चांदवडचा संताप त्या काळात बाजार समितीच्या आवारात होता, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर होता. व्हॉट्सअ‍ॅप बाहेरून मोजता येत नाही. फेसबुकवर जे दिसे, त्यातलं बरंचसं रोमन लिपीतल्या मराठीत, शिवाय उपरोधाने भरलेलं. ‘वा साहेब, काय भाव दिला!’ हे वाक्य यंत्र खुशाल कौतुकात जमा करतं.

यंत्राला मराठी शिकवायचे प्रयत्न होत आहेत, आणि चांगले होत आहेत. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने २०२१मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीट सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ असे माणसांकडून वर्ग करून खुले केले. पण ती ट्वीट राज्यातल्या नामवंतांच्या खात्यांवरून घेतलेली होती. नेत्याच्या शुभेच्छांवर शिकलेलं यंत्र शेतकऱ्याच्या टोमण्यापाशी अडखळणारच. मालेगावची चर्चा तर निम्मीशिम्मी उर्दूत चालते. ती देवनागरीच्या जाळ्यात येतच नाही.

आणि दिंडोरी! २०२४ला तिथे शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी जिंकले. त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतपत्रिकेवर बाबू भगरे नावाचे अपक्ष होते, त्यांचं चिन्ह नुसती तुतारी. त्यांना मतं पडली १,०३,६३२. ‘भगरे’ आणि ‘तुतारी’ या शब्दांचे उल्लेख मोजणाऱ्या कुठल्याही प्रणालीने ही लाखभर मतं आधी दाखवली असती का? ज्या मतदारांची गल्लत झाली, त्यांनाही ती माहीत नव्हती. पुन्हा सहा महिन्यांनी याच जिल्ह्याने विधानसभेच्या १५ पैकी १४ जागा महायुतीला दिल्या, आणि उरलेली मालेगाव मध्य एमआयएमने राखली, १६२ मतांनी.

मग या माहितीचा उपयोग काय? आहे, पण मतदाराचं मन ओळखण्यासाठी कमी, नेते आणि पक्ष काय बोलतात, कुठे पैसा ओततात हे पाहण्यासाठी जास्त. तिथेही दारं बंद होत चालली आहेत. ट्विटरने संशोधकांची फुकटची वाट २०२३मध्ये बंद केली, मेटाने क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ला गुंडाळलं. उरली आहे ती मेटाची जाहिरात लायब्ररी. राजकीय जाहिरात कुणी दिली, किती खर्चून, कुठल्या वयाच्या लोकांना दिसली, हे तिथे कुणीही पाहू शकतं. एकेका जाहिरातीचा खर्च मात्र नेमका नसतो, ‘इतके ते इतके’ असा पट्टा असतो. आणि ती कुठे दिसली हे राज्यापर्यंतच कळतं. महाराष्ट्र कळतो, नाशिक कळत नाही. नाशिकसाठी मतदान केंद्रनिहाय मतं देणाऱ्या फॉर्म २०कडेच जावं लागतं. तो वाचायचा कसा, आणि वाचताना ओळ घसरू द्यायची नाही कशी, ते पुढच्या आठवड्यात.